खाच जुळली म्हणून रॅम चालेलच असे नाही

'रॅमची खाच स्लॉटमध्ये नीट बसली की रॅम चालणारच. प्रोसेसर आणि सुसंगत रॅमची यादी तपासायला सांगणे हा कंपन्यांचा बागुलबुवा आहे. आणि मेगाहर्ट्झचा आकडा जितका मोठा तितका वेग जास्त,' अशा आशयाचा मजकूर सध्या बराच फिरतो आहे.

खाचेविषयीचे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते फसवे आहे. डेस्कटॉपच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ या दोन्ही रॅमना २८८ पिना असल्या, तरी खाचेची जागा वेगळी असल्यामुळे एका पिढीची रॅम दुसरीच्या स्लॉटमध्ये बसत नाही. मात्र खाच याहून फारसे काही सांगत नाही. जुन्या सर्व्हरमधून निघालेली 'रजिस्टर्ड' डीडीआर४ रॅम स्वस्तात मिळते आणि डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसतेही. परंतु तिच्यावरील रजिस्टर चिपमधून संदेश पाठवण्याची सोय सर्वसाधारण डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये नसल्यामुळे संगणक सुरूच होत नाही. १.५ व्होल्टची डीडीआर३ आणि १.३५ व्होल्टची डीडीआर३एल यांची खाच तर एकाच जागी असते. तरीही इंटेलच्या सहाव्या पिढीचे प्रोसेसर यांपैकी केवळ डीडीआर३एलसाठी प्रमाणित आहेत.

प्रोसेसर पाहण्याची गरज नाही, हे विधान मात्र सरळ चुकीचे आहे. रॅमचे नियंत्रण करणारा भाग पूर्वी मदरबोर्डवरील चिपसेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरला इतर भागांशी जोडणाऱ्या चिपमध्ये असे. एएमडीने तो २००३ पासून आणि इंटेलने २००८ पासून प्रोसेसरमध्येच आणला. त्यामुळे बी४६० चिपसेटच्या बोर्डावर इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर असेल, तर ३२०० वेगाची रॅम २६६६ वरच चालते. तिच्यात बिघाड नसतो, पण जास्तीचे पैसे मात्र वाया जातात.

मोठ्या आकड्याचेही तसेच आहे. खोक्यावरील ६००० हा आकडा बहुधा एक्सएमपी किंवा एक्स्पो या, रॅममध्ये साठवलेल्या वाढीव वेगाच्या प्रोफाइलचा असतो आणि बायोसमध्ये (संगणक सुरू होताना चालणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये) ती सुरू करेपर्यंत डीडीआर५ रॅम साधारणपणे ४८०० वर चालते. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने रॅमच्या दोन पट्ट्यांना ५२००, तर चार पट्ट्यांना अवघी ३६०० एवढीच अधिकृत मर्यादा दिली आहे. प्रोफाइल सुरू करून याहून अधिक वेग पुष्कळदा मिळतो, पण त्याची हमी नसते.

यादीबद्दलचा आक्षेप काही अंशी रास्त आहे. तिच्यात नाव असणे म्हणजे मदरबोर्डच्या निर्मात्याने ती रॅम त्या बोर्डावर तपासली आहे, एवढेच. नाव नसलेल्या कितीतरी रॅम उत्तम चालतात. परंतु डीडीआर५ च्या २४ आणि ४८ जीबीच्या पट्ट्या सुरुवातीच्या बोर्डांना नव्या बायोसशिवाय ओळखता येत नाहीत. त्यामुळे तिथे यादीबरोबर बायोसची आवृत्तीही पाहावी आणि जुनी रॅम लावलेली असतानाच बायोस अद्ययावत करून मग नवी बसवावी.