अर्क घ्या हवा तर, पण बीपीची गोळी बंद करू नका

"डाळिंबाचा अर्क सुरू केलाय, आता गोळी नको." हे वाक्य माझ्या मेडिकलच्या काउंटरवर हल्ली वारंवार ऐकू येतं आणि दर वेळी काळजात धस्स होतं. बोलणारी माणसं अडाणी नसतात. दिंडोरी-निफाडकडचे बागायतदार असतात, निवृत्त शिक्षक असतात, सकाळी नेमाने जॉगिंग ट्रॅकवर चालणारी असतात. कुणी प्रदर्शनातून बाटली आणलेली असते, कुणाला व्हॉट्सॲपवर निरोप आलेला असतो. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

फळांत गुण आहेत, हे आधीच सांगतो. द्राक्षाच्या बियांत, डाळिंबाच्या दाण्यांत आणि त्याहून जास्त सालीत पॉलिफेनॉल नावाची द्रव्यं असतात. आपल्या रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं, त्याने वाहिनी सैल पडते आणि दाब उतरतो. पॉलिफेनॉल या कामाला हातभार लावतात. त्यावर माणसांवर प्रयोगही झालेत. द्राक्षबियांच्या अर्काचे १६ प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये हिशेब मांडला गेला, त्यात वरचं बीपी सरासरी ६ ने उतरलेलं दिसलं. डाळिंबाच्या रसाचा असाच हिशेब २०१७ चा, तिथे साधारण ५.

आता हाच आकडा आपल्या माणसाला लावून बघा. ज्यांचं वरचं बीपी १७० आहे, त्यांचं अर्काने १६५ होईल. नेहमीच्या डोसमधली एक गोळी सरासरी ९ ने उतरवते, आणि म्हणूनच बऱ्याच जणांना डॉक्टर दोन गोळ्या देतात. शिवाय अर्काचे बहुतेक प्रयोग काही आठवड्यांचे आहेत. गोळ्यांनी पक्षाघात आणि हार्ट अटॅक कमी होतात हे हजारो लोकांवर, वर्षानुवर्षं पाहून सिद्ध झालंय. अर्काबद्दल तसं कुणी दाखवलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात एक काका आले. चेहरा लाल, मानेत ठणका. मोजलं तर १८६/१०८. गोळी दोन महिने बंद होती, पिशवीत अर्काची बाटली. मी ती उलटसुलट करून पाहिली. पुढे मोठ्या अक्षरात 'हृदयाचा मित्र', मागे बारीक अक्षरात 'औषधी वापरासाठी नाही'. अर्कात पॉलिफेनॉल किती, डाळिंब दाण्यांचं की सालीसकट, एक अक्षर नाही. साखर मात्र दुसऱ्या क्रमांकावर. प्रयोगांत दिला जाणारा अर्क मोजून-मापून केलेला असतो, या बाटलीशी त्याचा काय संबंध? तसंच, बीपी आणि हृदयविकार बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. तरी ती राजरोस चालते, याचा मला मनापासून राग येतो.

नैसर्गिक आहे म्हणजे अपाय नाही, हेही डोक्यातून काढा. पपनस आणि त्याच्या जातकुळीतलं ग्रेपफ्रूट आतड्यात औषध मोडणाऱ्या एका एन्झाइमला अडवतं, त्यामुळे बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या रक्तात जरुरीपेक्षा जास्त चढतात. (आपली नेहमीची द्राक्षं असं करत नाहीत, बिनधास्त खा.) किडनीचा त्रास असून टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल ही बीपीची गोळी चालू असेल, तर फळांचे रस ग्लासावर ग्लास पिऊन पोटॅशियम वाढतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. दुधीच्या रसाचं तर माहीतच असेल: कडू दुधीचा रस पिऊन माणसं दगावली आहेत. कडू लागला की लगेच थुंकून टाका.

मग फळ खायचं की नाही? रोज खा. ज्यांना किडनीसाठी पथ्य सांगितलंय त्यांनी तेवढं विचारून. सटाणा-देवळ्याचं डाळिंब, आपली द्राक्षं, आवळा, जांभूळ, आणि शक्यतो चावून, म्हणजे चोथाही पोटात जातो. १९९७ मध्ये अमेरिकेत ४५९ लोकांवर झालेल्या डॅश प्रयोगात फळं-भाज्या, कमी फॅटचं दूध-दही आणि एकूणच बदललेलं ताट दिलं, तेव्हा ज्यांना बीपी होतं त्यांचं वरचं ११ ने उतरलं. नुसत्या फळं-भाज्या वाढवलेल्या गटात फायदा त्याहून बराच कमी होता. म्हणजे सगळं ताट बदलावं लागतं. आपल्याकडे तर मीठच आधी बघायला हवं. दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे जेमतेम चहाचा एक चमचा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सकाळी मिसळीवर फरसाण, दुपारी लोणचं-पापड, आणि वर दोन चमचे अर्क, याने काय साधणार?

ते काका डॉक्टरांकडे गेले, गोळी पुन्हा सुरू झाली. डाळिंब घरच्या बागेतलं आहे, ते खातातच.

तुमच्या घरात कुणी असा अर्क घेत असेल तर भांडू नका. बाटली आणि गोळ्यांची पट्टी दोन्ही घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या. नुसतं बीपी मोजायचं असेल तर माझ्या दुकानात या. त्याचे मी पैसे घेत नाही, पण येण्याआधी अर्धा तास चहा आणि तंबाखू नको, आणि आल्यावर पाच मिनिटं शांत बसायची तयारी ठेवा.