जुलाब ‘थांबवणारी’ अर्धी गोळी

पावसाळा लागला की हा मेसेज फिरायला लागतो: ‘लहान मुलाला जुलाब झाले तर दूध-पाणी बंद ठेवा, पोटाला आराम मिळेल. लोपेरामाइडची अर्धी गोळी द्या, सोबत अँटिबायोटिक सुरू करा. ओआरएस म्हणजे नुसतं मीठ-साखरेचं पाणी, त्यानं जुलाब थांबत नाहीत.’

शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणून आधी तेच घेऊ. ओआरएसनं जुलाब थांबत नाहीत, कबूल. पण मूल दगावतं ते बहुतेकदा अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. जुलाबातही ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं शोषून घेण्याची आतड्याची सोय बऱ्यापैकी शाबूत असते, आणि त्यांच्यामागून पाणी आत ओढलं जातं. 1971 मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, सलाइन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी तेव्हा हेच ‘नुसतं’ पाणी पिंपांतून वाटलं आणि नातेवाइकांनीच ते रुग्णांना पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे 30 टक्क्यांवरून 4 टक्क्यांच्या आत आलं.

मात्र प्रमाण चुकता कामा नये. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात अख्खं पाकीट, आणि 24 तासांनी उरलेलं फेकून द्यायचं. खोक्यातली गोड फळपेयं म्हणजे ओआरएस नव्हे. जास्तीची साखर उलट आतड्यात पाणी खेचते. अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला एफएसएसएआयनं (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं) ऑक्टोबर 2025 मध्ये मनाई केली. फार उशीर केला, असं माझं मत.

आता ती अर्धी गोळी. लोपेरामाइड आतड्याची हालचाल मंदावतं. संडास थांबली म्हणजे पाणी वाचलं असं नाही, ते आतड्यातच साचून राहू शकतं. लहानग्यांत पोट फुगून आतडं ठप्प होणं, गुंगी येणं, प्रसंगी मृत्यूही झालेले आहेत. शौचात रक्त आणि अंगात ताप असेल तर मोठ्यांनीही ती स्वतःच्या मनानं घेऊ नये. याच कामाच्या दुसऱ्या एका गोळीत, डायफेनॉक्सिलेटसोबत, अ‍ॅट्रोपिन असतं. त्यानं तोंड कोरडं पडतं. म्हणजे ज्या खुणेवरून पाणी कमी झाल्याचं ओळखायचं, तिचाच घोळ.

अँटिबायोटिक? मुलांचे बरेचसे जुलाब रोटासारख्या विषाणूंमुळे होतात, तिथे त्याचा उपयोग शून्य. रक्ती आव किंवा कॉलरा असेल तर डॉक्टर ठरवतील.

दूध-पाणी बंद करणं तर उलटाच उपाय. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. वरचं खाणाऱ्याला मऊ खिचडी, केळं, दही. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमच्या-चमच्यानं पाजायचं.

मेसेजात ज्याचं नावही नाही ते औषध म्हणजे झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलांना रोज 20 मिलिग्रॅम, त्याहून लहानांना 10, आणि जुलाब थांबले तरी 14 दिवस पूर्ण. डोळे खोल गेले, रडताना अश्रू येईनात, लघवी कमी झाली, मूल मलूल पडलं किंवा काही पिईना, तर मात्र घरी थांबायचं नाही. ओआरएस पाजत पाजतच दवाखाना गाठायचा.