फरशी टाकण्याआधी

साठी-पासष्टी ओलांडलेल्या माणसाला बागेत घाम पुसताना पाहिलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "आता झेपत नाही ना? मग काढून टाका सगळं, फरशी घाला." या सल्ल्याला माझा ठाम विरोध आहे. ज्या माणसाची सकाळ झाडांपाशी सुरू होते, त्याची बाग काढून घेतली तर दिवसभर त्याने करायचं काय?

कमी करायचं ते काम, आणि तेही अंगात ताकद आहे तोवर. बाग कमी कष्टाची करायलाच सुरुवातीला बरेच कष्ट पडतात. वाफे उंच बांधणं, झाडं हलवणं, नळ्या टाकणं हे गुडघे बोलायला लागल्यावर होत नाही.

सुरुवात कुंड्यांपासून करा. छोट्या कुंडीत माती थोडी, त्यामुळे कडक उन्हात ती दिवसातून दोनदासुद्धा पाणी मागते. अशा दहा कुंड्यांपेक्षा दोन मोठ्या कितीतरी बऱ्या, फक्त त्या चाकांच्या स्टँडवर ठेवा. आणि झारी सोडाच. १० लिटर पाणी म्हणजे १० किलो वजन, तेही एका हाताला, एका बाजूला झुकून. ठिबकच्या नळ्या आणि साधा टायमर लावला की रोजची ही ओढाताण संपते.

तणाचं म्हणाल तर सारखी माती उकरणं हेच तणाला आमंत्रण. खाली पडून राहिलेलं बी वर येतं आणि उजेड मिळाला की रुजतं. त्यापेक्षा ५ ते ८ सेंटिमीटर जाडीचा पालापाचोळा पसरा. ओल टिकते, खुरपणी खूप कमी होते. बुंध्याला मात्र तो भिडवू नका, खोड कुजतं. लव्हाळा या थराला दाद देत नाही, तो गाठींतून फुटून वर येतोच. त्याला कोवळा असतानाच पुन्हा पुन्हा उपटत राहावं लागतं.

वाकणं नकोसं झालं असेल तर ६० ते ७५ सेंटिमीटर उंचीचा वाफा करा. दोन्ही बाजूंनी हात पोचत असेल तर रुंदी सव्वा मीटरच्या आत, भिंतीला लागून असेल तर निम्मीच. हिरवळीचा हट्ट मी तर आधी सोडायला सांगेन. कापणी, पाणी, खत, काही ना काही चालूच, आणि बदल्यात फूल एक नाही.

शिडीबद्दल मात्र मी कुणाचं ऐकणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगभरात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून दगावतात, आणि त्यात सर्वाधिक साठीपुढची असतात. कुंपणाची झाडं खांद्याच्या उंचीवर आणून ठेवा, म्हणजे जमिनीवर उभं राहूनच छाटता येतील. उंच फांदीसाठी माणूस बोलवा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

हे सगळं केल्यावर जी ताकद उरेल, ती आवडत्या झाडांवर खर्च करा. गुलाबात जीव असेल तर गुलाब ठेवा, त्याचे कितीही लाड करावे लागोत. आपलं सुख कशात आहे ते आपल्यालाच ठाऊक असतं, ते दुसऱ्याला ठरवू देऊ नका.

आणि मुलांनो, आईबाबांना वाढदिवसाला आणखी एक कुंडी आणू नका. त्यापेक्षा एका रविवारी सकाळी या आणि तो उंच वाफा बांधून, मातीने भरून द्या.