पाळी थांबली तर रक्त जातं कुठं?

ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमाराला बीड-जालन्याकडच्या व्हॉट्सअॅप गटांत एक मेसेज हमखास वर येतो. 'माता-भगिनींनो सावधान' अशी सुरुवात आणि खाली दावे: पाळणा लांबवण्यासाठी दर तीन महिन्यांनी घ्यायच्या अंतरा इंजेक्शनने पाळीचं रक्त पोटात साचून गाठ होते, तांबी काळजापर्यंत चढते, गोळ्यांनी वांझपण येतं, नसबंदी केलेल्या गड्याच्यानं जड काम होत नाही, आणि लेकरं झाली की गर्भाशयाची पिशवीच काढून टाकलेली बरी. पुढे पाठवणारे बहुतेक पुरुष असतात, तेवढं नोंदवून ठेवते.

आधी अंतरा, कारण यात अर्धं खरं आहे. पहिले काही महिने पाळी वेळीअवेळी येते, नुसते डाग पडतात, आणि पुढे कितीतरी जणींची थांबतेच. 'मंग रगत जातंय कुठं, माय?' हा प्रश्न अगदी रास्त आहे. दर महिन्याला पिशवीच्या आत अस्तर तयार होतं आणि गर्भ राहिला नाही की ते गळून पडतं, तीच पाळी. अंतरातल्या संप्रेरकामुळे हे अस्तर जाडच होत नाही. जे तयारच झालं नाही ते साचणार कसं? इंजेक्शन सोडलं की पाळी परत येते. मात्र शेवटच्या सुईनंतर दिवस जायला सात ते दहा महिने लागू शकतात, आणि हे सुई टोचण्याआधीच सांगायला हवं. उपकेंद्रात लसीकरणाची गर्दी असते, सिस्टर एकटी असते, सांगायचं राहून जातं. मग पाळी चुकली की बाई घाबरते, आणि तिला समजावायला तेव्हा हा मेसेजच तेवढा हजर असतो.

तांबी काळजापर्यंत चढते ही मात्र शुद्ध थाप. पिशवीतून काळजाकडे वाटच नाही. बसवताना क्वचित, साधारण हजारात एखादीच्या, पिशवीला छिद्र पडून ती पोटात सरकू शकते. म्हणून शिकलेल्या हातानेच बसवून घ्यायची आणि नंतर तपासणीला जायचं. खरा त्रास वेगळाच आहे: सुरुवातीचे काही महिने पाळीत रक्त जास्त जातं, ओटीपोट दुखतं. अंगात रक्त कमी असलेल्या बाईने हे आधी बोलून घ्यावं. सरकारी दवाखान्यातली 380ए तांबी दहा वर्षं चालते आणि मूल हवं असेल तेव्हा काढता येते.

गोळ्यांनी वांझपण येत नाही. माला-एन बंद केली की थोड्याच काळात दिवस राहू शकतात. घोटाळा घेण्यात होतो. नवरा पुण्याहून आला की तेवढ्या रात्री गोळी घेणाऱ्या बाया आहेत. त्याने काही होत नाही. ती रोज घ्यायची असते. आठवड्याची गोळी हवी असेल तर छाया आहे: पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा, वार ठरवून.

आता नसबंदी. 'मर्दाचं बळ जातंय, कोयता कसा धरावा?' हे सासूच आधी म्हणते. पुरुषी संप्रेरक वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं. नसबंदीत बांधतात ती बीज वाहून नेणारी नळी. तिचा ताकदीशी, इच्छेशी संबंध नाही. वीर्यही येतं, त्यात बीज नसतं एवढंच. बिनटाक्याच्या नसबंदीत पोट उघडावं लागत नाही, दोन दिवसांनी हलकं आणि आठवड्याने जड काम करता येतं. तरी 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात स्त्री-शस्त्रक्रियेचं प्रमाण 37.9 टक्के आणि पुरुषांचं 0.3 टक्के. 1976 ची सक्तीची शिबिरं लोक विसरले नाहीत, हे मान्य. पण त्या भीतीची भरपाई पन्नास वर्षं बायकांच्या पोटावर टाके घालूनच करायची का?

यात एक गोष्ट दडपली जाते. नसबंदी त्याच दिवशी लागू होत नाही. नळीत उरलेलं बीज संपायला वेळ लागतो, म्हणून तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. हे न सांगता गडी घरी पाठवला, दुसऱ्या महिन्यात बायकोला दिवस गेले, की संशय कोणावर येतो हे कोणालाही विचारा.

राहिली पिशवी. बाईच्या कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनात बीजनलिका बंद करतात. पिशवी जागेवरच राहते, पाळीही येते. पिशवी काढणं ही आजारावरची मोठी शस्त्रक्रिया आहे, पाळणा थांबवण्याचा उपाय नव्हे. बीड जिल्ह्यात तरुण ऊसतोड बायकांच्या पिशव्या किती सर्रास काढल्या जातात याचा 2019 मध्ये बोभाटा झाला आणि सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. खाडा झाला की मजुरी कापली जाते, फडात आडोसा नाही, पाणी नाही. तिथं पाळी म्हणजे संकटच. पण पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पस्तिशीच्या आतच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि मोळी तर पुढेही उचलायचीच असते. सफेद पाणी जातं, कंबर दुखते एवढ्यावर कोणी 'काढून टाका' म्हणालं, तर जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका.

टोळीबरोबर निघणाऱ्यांसाठी: अंतराची पुढची तारीख फडात असताना येत असेल तर ती दोन आठवडे आधी घेता येते आणि चार आठवडे उशीर झाला तरी चालते. अंतराचं कार्ड सामानात ठेवा आणि कारखान्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. चार आठवड्यांच्याही पुढे गेलं तर निरोध वापरा आणि सुईआधी गरोदरपणाची तपासणी करून घ्या.