लक्षणं मोजणारे आणि निकष ठरवणारे

मनोविकारांच्या निदानात बाई-पुरुष असा भेदभाव होतो, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मनोविकारांचं निदान लक्षणं पाहूनच होतं, त्यात बाई-पुरुष कुठून आलं, मी शास्त्रात राजकारण घुसवतेय आणि असलं वाचून कोणी गोळ्या सोडल्या तर जबाबदार कोण, असं तुम्ही विचारलंय. गोळ्यांबद्दलची काळजी रास्त आहे. बाकीचं पटलं नाही.

१९८९ मध्ये फोर्ड आणि विडिगर या अमेरिकी संशोधकांनी ३५४ मानसशास्त्रज्ञांपुढे पेशंटची वर्णनं ठेवली. मजकूर तोच, पेशंट मात्र कुठे बाई, कुठे पुरुष, कुठे काहीच सांगितलेलं नाही. निदानं बदलली. 'अँटिसोशल' (नियम आणि इतरांचे हक्क न जुमानणारं) ठरायला हवं असं वर्णन बाईचं असलं की 'हिस्ट्रिऑनिक' (लक्ष वेधायला नाटकी वागणारं) हा शिक्का बसण्याकडे कल दिसला. काही जणांना निदान न विचारता एकेका लक्षणावरच मत विचारलं होतं, तिथे मात्र भेदभाव दिसला नाही. म्हणजे लक्षणं काटेकोर मोजली तर पक्षपात कमी होतो, इतपत तुमचं म्हणणं खरं आहे.

पण मोजायचं काय, हे कोणी ठरवलं? १९८५ मध्ये डीएसएम या अमेरिकी निदानपुस्तिकेच्या सुधारणेत 'मॅसोकिस्टिक' (स्वतःवर त्रास ओढवून घेण्याचा) व्यक्तिमत्त्व विकार घालायचं घाटत होतं. त्रास देणाऱ्या माणसांजवळच राहणं, मदत नाकारणं, कोणी न मागता स्वतःला झिजवणं, असे त्याचे निकष. नवऱ्याचा मार खाणारी, जायला दुसरं घर नसलेली बाई यात अलगद बसते! तिच्या भीतीला आणि नाइलाजाला तिच्याच स्वभावातला आजार म्हणायचं, आणि मारणारा नामानिराळा. पॉला कॅप्लन, लेनोर वॉकर यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी कडाडून विरोध केला. मग नाव बदलून 'सेल्फ-डिफीटिंग' (स्वतःचंच नुकसान करणारा) झालं, छळामुळेच असं वागणाऱ्यांना हे निदान लावू नये अशी अट आली, १९८७ मध्ये ते परिशिष्टात गेलं आणि १९९४ च्या आवृत्तीतून पुरतं वगळलं गेलं. तुम्ही ज्याला राजकारण म्हणता, त्याने इथे शास्त्राची चूक दुरुस्त केली.

उलटंही घडतं. अमेरिकेतले बालमनोविकारतज्ज्ञ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) वर्णन केलं ते ११ मुलांवरून, त्यात मुली फक्त ३. पुढच्या वर्षी व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ अ‍ॅस्पर्गर यांनी मांडलेली चारही उदाहरणं मुलग्यांची. गप्प राहून इतरांचं पाहून निभावून नेणाऱ्या मुली त्यामुळे वर्षानुवर्षं नजरेतून सुटल्या. एकीकडे नको तो शिक्का, दुसरीकडे हवं ते निदानच नाही.

आता गोळ्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या कोणीही बंद करू नयेत, हे ठळकपणे लिहिते. मी औषधांविरुद्ध नाही. माझी मागणी एवढीच, की व्यक्तिमत्त्व विकाराचं नाव कागदावर लिहिण्याआधी डॉक्टरांनी बाईला एकटीला बसवून, सासरच्या किंवा माहेरच्या माणसांना बाहेर पाठवून, घरी मारहाण होते का हे विचारावं.