रशियनच्या सहा विभक्तींना मराठी माणसाने का घाबरावं?

बारावीचे निकाल लागले की एक मेसेज पुन्हा फिरायला लागतो. यंदा तो मला तीन पालकांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: रशियन ही जगातल्या सर्वांत कठीण भाषांपैकी एक आहे. लिपी उलटीपालटी, एकेका नामाची बारा रूपं, तीन लिंगं, जीभ वळणार नाही असे उच्चार. अमेरिकन सरकारच्या हिशेबाने ती शिकायला 1100 तास लागतात. म्हणून मुलांनी तिच्या वाटेला जाऊ नये. डॉक्टर व्हायला रशियात जाणाऱ्यांनीही भाषेची चिंता करू नये, तिथे सगळं इंग्रजीतच असतं.

मी बरीच वर्षं मराठी मुलांना रशियन शिकवते आहे. रशियन सोपी आहे असं मी कधीच म्हणणार नाही. पण या मेसेजने भीती नको तिथे घातली आहे, आणि जिथे खरंच अडखळायला होतं त्याबद्दल तो अवाक्षर काढत नाही.

आधी तो आकडा. 1100 तास ही थाप नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची एक प्रशिक्षण संस्था राजनैतिक अधिकाऱ्यांना भाषा शिकवते, तिथला तो हिशेब आहे. पण तो इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचा आहे, आणि त्यांना बाजारात भाव विचारण्यापुरतं नव्हे, तर वाटाघाटी करता येतील इतकं तयार करायचं असतं. शिवाय त्याच यादीत रशियनच्या शेजारी, त्याच गटात, हिंदी बसली आहे. तिलाही 44 आठवडे, तिलाही 1100 तास. या यादीवरून नागपूरच्या मुलीला रशियन अशक्य ठरवायची, तर हिंदीही तिला तितकीच अशक्य ठरवावी लागेल. जपानी, चिनी आणि अरबीला तिथे 2200 तास दिले आहेत. पुण्यात किती मुलं आनंदाने जपानी शिकतात ते आपण पाहतोच.

लिपीचा मुद्दा मी लवकर संपवते. रशियन अक्षरं 33. बाराखडी आणि जोडाक्षरं पहिली-दुसरीत पचवलेल्या मुलाला ती दोन आठवड्यांत वाचता येतात. गोंधळ होतो तो रोमन अक्षरांसारख्या दिसणाऱ्या पाच-सहा अक्षरांचा. 'रेस्तरान' ही पाटी इंग्रजीला सरावलेल्या डोळ्यांना 'पेक्टोपाह' अशी दिसते. पहिल्या आठवड्यात सगळे हसतात, तिसऱ्या आठवड्यात कुणाच्या लक्षातही राहत नाही.

आता विभक्ती. मेसेजचा सगळा जोर त्यांच्यावर आहे, आणि मला सर्वांत जास्त राग याच मुद्द्याचा येतो. 'स, ला, ते' घोकलेल्या माणसाला विभक्तीची धास्ती कशी घालता? इंग्रजी माणसाला आधी विभक्ती म्हणजे काय हेच समजून घ्यावं लागतं. आपण 'पेनाने लिहितो' म्हणतो तेव्हा 'ने' जे काम करतो, तेच रशियनमध्ये 'पिशू रूचकय' म्हणताना शेवटचा 'अय' करतो. भाऊ म्हणजे 'ब्रात', भावाला म्हणजे 'ब्रातु'. वाक्याचा सांगाडा तोच असतो, प्रत्यय वेगळा.

'बारा रूपं' हीसुद्धा फुगवलेली गोष्ट आहे. सहा विभक्ती गुणिले दोन वचनं म्हणजे घरं बारा होतात, पण त्यातल्या बऱ्याच घरांत एकच रूप राहतं. वहीला रशियनमध्ये 'तित्राद' म्हणतात. या शब्दाची बारा घरं भरली की वेगवेगळी रूपं सातच निघतात. आता आपली वही घ्या: वही, वहीला, वहीने, वहीत, वहीचा, वहीची, वहीचं, वहीहून, आणि अजून वह्या सुरूच झाल्या नाहीत. 'माणूस'चं 'माणसाला', 'पाणी'चं 'पाण्यात', 'घोडा'चं 'घोड्याने' करताना शब्द आतून बदलतो, ते सामान्यरूप आपण तिसऱ्या वर्षी बोलायला लागलो तेव्हाच शिकलो.

फरक आहे तो असा. मराठीत 'ला' तिन्ही लिंगांना एकच लागतो. रशियनमध्ये लिंगानुसार प्रत्यय बदलतो आणि विशेषणही त्याच्याबरोबर फिरतं. आपल्याकडे 'चांगला'चं 'चांगल्या' झालं की काम भागतं, तिथे भागत नाही. अनेकवचनातली षष्ठी तर मुलांना वर्षभर छळते. याला मेहनत लागते, ते मी मान्य करते.

तीन लिंगांवर मी फार थांबणार नाही. तो, ती, ते आपल्याला आहेतच. रशियनमध्ये 'तोत, ता, तो'. उलट रशियनचं लिंग शब्दाच्या शेवटावरून बहुतेक वेळा ओळखता येतं: व्यंजनाने संपला तर पुल्लिंगी, 'आ'ने संपला तर स्त्रीलिंगी, 'ओ'ने संपला तर नपुंसकलिंगी. मृदुचिन्हाने, म्हणजे आधीचं व्यंजन मृदु करणाऱ्या 'ь' या अक्षराने, संपणारे शब्द तेवढे पाठ करावे लागतात. आपल्याकडे दगड पुल्लिंगी, भिंत स्त्रीलिंगी आणि घर नपुंसकलिंगी का, हे परक्या माणसाला समजावून दाखवा बरं. भूतकाळातही तेच. 'तो आला, ती आली' तसं 'ऑन प्रिशोल, अना प्रिश्ला'. पुरुष 'मी आलो' म्हणतो, बाई 'मी आले' म्हणते, हा भेद रशियनमध्येही आहे. इंग्रजी माणूस इथे चक्रावतो. माझ्या वर्गात हा धडा वीस मिनिटांत संपतो.

माझा सर्वांत आवडता धडा याच्या पुढचा. 'म्न्ये' म्हणजे 'मला'. 'म्न्ये खोलदना': मला थंडी वाजते. 'म्न्ये नादा इत्ती': मला जायला हवं. 'म्न्ये न्राव्हित्सा': मला आवडतं. मालकी सांगायची तर 'उ मिन्या येस्त क्नीगा', म्हणजे माझ्याकडे पुस्तक आहे. 'हा माझा भाऊ' यात आपण 'आहे' गाळतो, तसंच 'एता मोय ब्रात'. मोठ्या माणसाला 'तुम्ही' म्हणावं तसं 'व्ही', लहानाला 'ती' म्हणजे तू. ही वाक्यं मराठी मुलांना समजावावी लागत नाहीत, त्यांच्या कानाला ती लगेच पटतात. इंग्रजीतून रशियन शिकवणारी पुस्तकं याच जागांवर पानंच्या पानं खर्च करतात, आणि आपली मुलं ती पुस्तकं वाचून घाबरतात.

(याच्या उलट एक मेसेज फिरतो, रशियन संस्कृतमधूनच निघाली असं सांगणारा. तोही चूक. दोघींचं मूळ एका जुन्या भाषेत आहे, म्हणून द्वार आणि 'द्व्येर', विधवा आणि 'व्दवा', दीर आणि 'द्येविर' जुळतात. पण तेवढ्याने वर्तमानपत्र वाचता येत नाही.)

अंकांबद्दल मेसेजमध्ये काहीच नाही. रशियनमध्ये एकवीस म्हणजे 'द्वात्सत अदीन', सरळ वीस-एक. 2019 मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' आलं तेव्हा महाराष्ट्रभर वाद पेटला होता, कारण आपल्या मुलांना एकोणसाठ आणि त्रेसष्ठ सुटे पाठ करावे लागतात. रशियन अंकांची अडचण दुसरीकडे आहे. एक वर्ष 'गोत', दोन ते चार वर्षं 'गोदा', पाच ते वीस वर्षं 'ल्येत', म्हणजे शब्दच बदलला.

मग खरं कठीण काय? उच्चाराबद्दल मेसेज बरोबर आहे, पण चुकीच्या कारणासाठी. 'स्त्री' आणि 'वैशिष्ट्य' म्हणणाऱ्या जिभेला जोडाक्षरांचं भय नको. 'चमचा'मधला 'च' तर रशियन 'त्स'च्या इतका जवळ आहे की आपण तिथे फुकटात पुढे असतो. अडतं ते मृदु-कठोर व्यंजनांत. इथे मृदु म्हणजे आपल्या व्याकरणातलं ग-ज-द नव्हे, तर मागे पुसटसा 'य' लागल्यासारखं व्यंजन. 'ब्रात' म्हणजे भाऊ, आणि शेवटचा त मृदु केला की 'घेणे'. 'बिल'मधला स्वर जरा मागे ओढला की 'होता', नाही ओढला तर 'मारत होता'. देवनागरीत या फरकाला चिन्हच नाही. इथे मी नाइलाजाने रशियन शब्द देवनागरीत लिहिते आहे, पण वर्गात मी ते कुणालाच करू देत नाही. वहीत देवनागरी उच्चार लिहून पाठ करणारी मुलं पहिल्या महिन्यात पुढे असतात आणि सहाव्या महिन्यात मागे पडतात.

आघात ही दुसरी अडचण. मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही. रशियनमध्ये 'ज़ामक' म्हणजे किल्ला, 'ज़मोक' म्हणजे कुलूप, आणि लिहिताना दोन्ही अगदी सारखे. आघात नसलेला 'ओ' चक्क 'अ' होतो, म्हणून लिहायचं 'मोलोको' आणि म्हणायचं 'मलाको'. कोणत्या अक्षरावर जोर द्यायचा याला सोपा नियम नाही. प्रत्येक शब्द ऐकूनच शिकावा लागतो.

आणि सर्वांत वरचा डोंगर: 'जाणे'. आपण पायी जातो, एसटीने जातो, रोज जातो, आत्ता जातो, क्रियापद एकच. रशियनमध्ये आत्ता पायी निघाल्यास 'इत्ती', रोज पायी जात असल्यास 'खदीत', वाहनाने आत्ता 'येखत', वाहनाने नेहमी 'येज़दीत'. मग त्यांना उपसर्ग लागतात: येऊन पोचलो, निघून गेलो, वाटेत डोकावलो, पल्याड गेलो, राहायला गेलो. 'उद्या मी मॉस्कोला जातेय' हे चुकीच्या क्रियापदाने सांगितलं, तर ऐकणाऱ्याला वाटतं बाई चालत निघाली. दुसऱ्या वर्षीची हुशार मुलंसुद्धा इथे रडकुंडीला येतात. क्रियापदांच्या पूर्ण-अपूर्ण जोड्यांत मराठीचा थोडा आधार मिळतो. 'वाचत होते' आणि 'वाचून काढलं' यांतला फरक ज्याला कळतो, त्याला 'चिताला' आणि 'प्रचिताला' यांची दिशा कळते. पुढचं मात्र सरावाने.

हे सगळं किती दिवसांत जमतं? मॉस्कोत 1960 मध्ये पॅट्रिस लुमुंबा विद्यापीठ सुरू झालं. आशिया-आफ्रिकेतून आलेल्या मुलांना तिथे पूर्वतयारीच्या वर्षात रशियन शिकवत आणि मग थेट रशियनमधल्या तासांना बसवत. आजही तशा वर्गाला 'पातफाक' म्हणतात. पदवीच्या प्रवेशासाठी रशियन भाषेच्या परीक्षेची जी पहिली पातळी लागते, तिचा शब्दसंग्रह साधारण 2300 शब्दांचा आहे. राकेश शर्मा यांनी 1984 मध्ये अवकाशात जाण्याआधी मॉस्कोजवळच्या स्टार सिटी या अंतराळवीरांच्या केंद्रात प्रशिक्षण घेतलं तेही रशियनमधूनच.

मेसेजची शेवटची ओळ, 'तिथे सगळं इंग्रजीत असतं', हीच सर्वांत घातक. व्याख्यानं इंग्रजीत असतीलही. पण रुग्णालयात खाटेवर झोपलेल्या आजीला इंग्रजी येत नाही. ती म्हणते 'कोल्येत', म्हणजे चमक मारते. किंवा 'नोयेत', म्हणजे बारीक दुखत राहतं. किंवा 'झ्झोत', म्हणजे जळजळतं. कळ, चमक, ठणका, जळजळ हे भेद मराठी मुलांना घरातूनच ठाऊक असतात, फक्त रशियन नावं शिकायची असतात. भाषा अशक्य आहे असं ऐकून पहिली दोन वर्षं वाया घालवलेली मुलं तिसऱ्या वर्षी त्या खाटेजवळ उभी राहतात, आणि आजी तिसऱ्यांदा तेच सांगत असते.