'अर्धवट माहिती' वाल्या प्रतिक्रियेला उत्तर

'स्वतःलाच कापून मोकळा होणारा रेणू उत्प्रेरक कसा? अर्धवट माहितीवर लेख पाडू नका.' इति तुम्ही, आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू) हाच उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न बदलता रासायनिक क्रिया वेगाने घडवणारा, असू शकतो या माझ्या लेखावर. खाली आणखी यादी: साल चुकलंय, मॅग्नेशियमचा उल्लेख नाही, आकृती धूसर.

साल चुकलं, मान्य. सिडनी ऑल्टमन यांचा आरएनेझ-पी (आरएनए कापणारं, स्वतःतही आरएनए असलेलं एन्झाइम) वाला पेपर १९८३ चा, मी थॉमस चेकच्या १९८२ च्या, स्वतःला कापणाऱ्या आरएनएच्या शोधालाच जोडून टाकला. दुरुस्त केलंय, आभार.

पण 'पाडू नका' म्हणजे काय हो? शंका साध्या शब्दांत विचारता येत नाही का? एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी सलग तीन महिने आरएनए काढत होते, जेलवर दोन ठसठशीत पट्टे दिसायला हवेत तिथे रोज नुसता धुरकट फराटा, कारण हाताला लागलेलं आरएनेझ, म्हणजे आरएनए तोडणारं एन्झाइम, सगळं खाऊन टाकायचं, दर पाच मिनिटांनी ग्लोव्हज बदलायचे आणि तरी दुसऱ्या दिवशी तोच फराटा. तेव्हा आरएनएच्या बाबतीत 'अर्धवट' हा शब्द मला वापरताना जरा जपून.

चेकला सापडलेला, टेट्राहायमेना या एकपेशीय जीवाचा इंट्रॉन (आरएनएमधून कापून टाकला जाणारा मधला तुकडा) पेशीत एकदाच कापून बाहेर पडतो आणि त्यात स्वतःच बदलतो, म्हणून काटेकोर व्याख्येत तो उत्प्रेरक बसत नाही, हे काय मला माहीत नव्हतं? म्हणूनच तर पुढच्या परिच्छेदात १९८६ चं काम दिलंय, तिथपर्यंत तुम्ही पोचलाच नाहीत बहुतेक. चेक आणि त्यांचे सहकारी झॉग यांनी त्याच इंट्रॉनचे सुरुवातीचे १९ न्यूक्लिओटाइड (आरएनएच्या साखळीतले दुवे) उडालेला तुकडा घेतला आणि त्याला पाच सी-ची (सी हा त्यातलाच एका प्रकारचा दुवा) छोटी साखळी दिली. त्याने एकीतला सी काढून दुसरीला जोडला, म्हणजे एक झाली चार सी-ची, एक सहाची, आणि हा पठ्ठ्या जसाच्या तसा, पुढच्या साखळीला तयार. पुन्हा पुन्हा. याला उत्प्रेरक नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? आणि ऑल्टमन यांचं आरएनेझ-पी तर दुसऱ्याच रेणूला, टीआरएनएच्या (प्रथिनासाठी अमिनो आम्ल आणून देणाऱ्या आरएनएच्या) कच्च्या रूपाला कापतं, स्वतःला हातही लावत नाही. १९८९ चं केमिस्ट्रीचं नोबेल दोघांना मिळून दिलं ते काय अर्धवट माहितीवर?

रायबोसोमबद्दल, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांच्या कारखान्याबद्दल, तर तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पेप्टाइड बंध (प्रथिनातल्या अमिनो आम्लांमधला सांधा) जोडणारी जागा आरएनएचीच, प्रथिनं तिथून लांब, हे २००० साली रचनेतच दिसलं. सोयीचं तेवढंच वाचायचं, दुसरं काय.

मॅग्नेशियमचं म्हणाल (अशा आरएनएला काम करायला ते लागतं) तर लेख सामान्य वाचकासाठी होता, सगळंच घालत बसले असते तर तुम्हीच लांबण लावली म्हणाला असतात. आकृती मोबाईलवर धूसर दिसते, झूम करून बघा.